नव्या पिकाची पंगत

शिंदखेडा तालुक्यात पाऊस हा हक्काचा नसून मेहेरबानीचा विषय मानला जातो. सरकारी दप्तरात या तालुक्याची नोंद अवर्षणप्रवण म्हणून झालेली आहे. उत्तरेला तापीसारखी महानदी वाहते, सुलवाडे आणि सारंगखेडा येथे तिच्या पाण्याला बांधही घातलेले आहेत, तरी नदीकाठ सोडून काही कोस दक्षिणेला आलेल्या माणसाला भेगाळलेली काळी जमीन आणि आभाळाकडे डोळे लावून बसलेली रयत यांचे दर्शन अनेक ज्येष्ठ-आषाढांत घडलेले आहे. अशा मुलखात मृगाच्या पेरणीपासून खळ्यावरच्या राशीपर्यंतचा प्रवास जेव्हा निर्विघ्न पार पडतो, बाजरीची कणसे घरात येतात, उडीद-मूग कोठीत पडतात, भुईमुगाच्या शेंगा अंगणात वाळत असतात आणि वांग्याच्या झाडांवर पहिली निकोप फळे लोंबू लागतात, तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात जो भाव उत्पन्न होतो त्याला केवळ आनंद म्हणणे अपुरे ठरेल. तो ऋणाचा भाव असतो, आणि ऋण म्हटले की त्याच्या फेडीची तजवीज आलीच. ही तजवीज खान्देशात चुलीवर आणि बांधावरच्या जाळावर होते. तिचे स्वरूप जवळून पाहावे या हेतूने गेल्या मार्गशीर्षात दोंडाईचा येथे जाऊन राहिलो, आणि जे पाहिले, ऐकले व खाल्ले त्याची ही हकीकत आहे.

दोंडाईचा हा अमरावती नदीच्या काठचा जुना कसबा. ताप्ती व्हॅली रेल्वेचा मार्ग येथून गेल्यामुळे सुरतेच्या आणि भुसावळच्या पेठांशी त्याचे नाते जडले, आणि धान्य, कापूस व मिरची यांच्या व्यापाराने गावाला नगराचे रूप आले. १९०६ साली अखंड खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला, आणि या वाटण्यांमध्ये दोंडाईचा धुळे जिल्ह्यात राहिले. परंतु येथील माणसाच्या जिभेला या हद्दी ठाऊक नाहीत. अहिराणी बोलणारा, कळण्याची भाकरी खाणारा आणि काळ्या मसाल्याची रश्शी ओरपणारा तो खान्देशी, एवढीच त्याची ओळख त्याला पुरेशी वाटते. मार्गशीर्षात गावाच्या कडेला लाल मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात, वाऱ्याची दिशा फिरली की सारा मोहल्ला ठसकतो, आणि त्या ठसक्यातूनच पाहुण्याला समजते की सुगी बाजारात उतरली.

या महिन्याच्या शुद्ध प्रतिपदेपासून खंडोबाचे नवरात्र बसते आणि षष्ठीला ते उठते. ही चंपाषष्ठी. खान्देशातील असंख्य घराण्यांचे कुलदैवत खंडोबा असल्यामुळे या तिथीचे महत्त्व येथे दिवाळीहून कमी नाही. आषाढी एकादशीपासून ज्या घरांत वांगे वर्ज्य केलेले असते, त्या घरांत चंपाषष्ठीला वांग्याचे भरीत आणि नव्या बाजरीचा रोडगा यांचा नैवेद्य होतो आणि मगच वांगे पानात येते. पावसाळ्यात वांग्याच्या शेंड्याला व फळाला पोखरणारी अळी फार लागते, थंडी पडू लागली की फळ निकोप आणि गोड होते, ही कृषिविद्येतील गोष्ट व्रताच्या मुळाशी असावी असे मानण्यास जागा आहे. तथापि नेम पाळणाऱ्या घरांतील वृद्धांना हे कारण सांगितले असता त्यांनी ते मान्यही केले नाही आणि खोडूनही काढले नाही, एका आजीबाईंनी केवळ एवढेच म्हटले, “पयले देवले, मंग आपले.” पहिले फळ ज्याने दिले त्याला, मागून आपल्याला, हा शिरस्ता त्यांना कारणाहून मोठा वाटतो, आणि मलाही तो तसाच वाटला.

गेल्या साली, म्हणजे २०२५ मध्ये, चंपाषष्ठी २६ नोव्हेंबरला आली होती, आणि लगेच दुसऱ्या दिवशी, २७ नोव्हेंबरच्या गुरुवारी, अमेरिकेत थँक्सगिव्हिंगचा सण होता. सुगी पदरात पडल्याबद्दल ईश्वराचे आभार मानावेत, दूरदूरच्या आप्तांनी एका छपराखाली जमावे आणि घरी शिजवलेले अन्न एकत्र बसून खावे, हा त्या सणाचा गाभा. दोंडाईच्याच्या आसपासच्या गावांतून शिकून तिकडे स्थायिक झालेली मुले आता थोडीथोडकी नाहीत. तिकडे त्या गुरुवारची सुटी असते, तेव्हा मराठी कुटुंबे एकत्र जमतात, कोणी गंगाफळाची भाजी करते, कोणी घारगे तळते, आणि खान्देशी घर असेल तर विजेच्या भट्टीत बट्ट्या भाजल्या जातात. इकडे बांधावर बसलेले आईबाप त्या पंगतीची छायाचित्रे मोबाईलवर पाहतात. दोन्हीकडचे ताट पाहिल्यावर एक गोष्ट मला प्रकर्षाने जाणवली: पृथ्वीच्या दोन टोकांना, परस्परांची काहीही वार्ता नसताना, शेतकऱ्यांनी वर्षाच्या याच सुमारास हीच गोष्ट करावयाची ठरवली.

त्या अमेरिकी सणाचा इतिहासही जाणून घेण्याजोगा आहे. १६२१ च्या शरद ऋतूत प्लिमथ येथील इंग्रज वसाहतवाल्यांनी पहिले पीक घरात आल्यावर तीन दिवस मेजवानी केली. वांपानोग जमातीचा प्रमुख मॅसासॉइट सुमारे ९० माणसांनिशी तीत सामील झाला आणि त्याच्या लोकांनी आपल्याकडून पाच हरणे मारून आणली, असे एडवर्ड विन्स्लो याच्या पत्रात नमूद आहे. आदल्या हिवाळ्यात वसाहतीतील निम्मी माणसे दगावली होती. प्रौढ स्त्रिया अवघ्या चार उरल्या होत्या. शे-दीडशे माणसांच्या त्या तीन दिवसांच्या पंगतीचा भार कोणाच्या हातांवर पडला असेल, हे सांगावयास नको. पुढे सारा जोसेफा हेल या एका मासिकाच्या संपादिकेने हा दिवस राष्ट्रीय सण व्हावा म्हणून वर्षानुवर्षे लेखणी झिजवली, आणि १८६३ साली, यादवी युद्ध ऐन भरात असताना, अब्राहम लिंकन यांनी तसा जाहीरनामा काढला. परंतु ज्यांनी मका पेरावयास शिकवले त्या मूळ रहिवाशांच्या जमिनी पुढे गेल्या, आणि त्यांचे वंशज १९७० पासून त्याच दिवशी प्लिमथ येथे शोकदिन पाळतात. ज्याच्या हातून अन्न मिळाले त्याचाच विसर पडला तर आभाराच्या मेजवानीचे काय होते, याचे हे उदाहरण मी मनात ठेवले, आणि खान्देशातील पंगतीकडे पाहताना तोच निकष लावला: येथील आभार कोणापर्यंत पोहोचतात, आणि कोणापाशी येऊन थांबतात?

पंगतीची सुरुवात मार्गशीर्षात होत नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. ती चैत्र-वैशाखात होते, जेव्हा दोंडाईच्याच्या गल्ल्यांतून पहाटे तीन-चार वाजता मोठ्या पातेल्याखाली जाळ घातला जातो आणि बिबड्यांचा घाटा शिजू लागतो. बिबडी हा खान्देशी घरातील सर्वांत मानाचा वाळवणाचा पदार्थ. त्यासाठी दादर ज्वारी लागते. ही तापीखोऱ्यातील रब्बीची ज्वारी, पावसाळा ओसरल्यावर काळ्या जमिनीतील ओलीवर वाढणारी, माघ-फाल्गुनात काढणीला येणारी. ती भिजवून, वाळवून, दळून तिचे पीठ करावयाचे, आणि मग उकळत्या पाण्यात मीठ, जिरे, तीळ, ठेचलेला लसूण व मिरची घालून ते पीठ वैरावयाचे. घाटा आटू लागला की तो ढवळण्यास एकटीचा दंड पुरत नाही. म्हणून शेजारणी येतात, आज एकीच्या अंगणात, उद्या दुसरीच्या, आणि या फेऱ्याचा हिशेब कोठेही लिहिलेला नसला तरी तो कोणी चुकवत नाही. उन्हे वर येण्यापूर्वी खाटेवर ओले धोतर अंथरून, हात पाण्यात बुडवून, गरम घाट्याचा गोळा तळव्याने पातळ फिरवावयाचा; हाताला चटका बसतोच, आणि तो सोसण्याची सवय मुलींना लहानपणापासून होते. पोरासोरांना वाटीभर गरम घाटा, वर कच्चे तेल, हा त्या पहाटेचा मेहनताना.

अशा रीतीने उन्हाळ्यात वाळवून डब्यांत भरलेल्या बिबड्या, गव्हाच्या चिकाच्या कुरडया, नागलीचे आणि उडदाचे पापड, मुगाचे सांडगे हे सारे पावसाळा काढतात आणि मार्गशीर्षात पंगतीपुढे येतात. जेवण तयार होईपर्यंत बांधावर बसलेल्या पाहुण्यांपुढे निखाऱ्यावर भाजलेली बिबडी, तिच्याबरोबर मूठभर शेंगदाणे आणि फोडलेला कांदा ठेवतात. या साध्या खाऊमागे सात महिन्यांपूर्वीची एक पहाट आणि चार-पाच स्त्रियांचे दंड उभे असतात, ही गोष्ट खाणाऱ्याने ध्यानात ठेवावी असे मला फार वाटते.

आता भरिताकडे वळतो, कारण खरी चव तेथेच आहे. भरिताचे वांगे निराळे. ते लांबट, थोराड, फिकट हिरव्या रंगाचे, अंगावर पांढुरके पट्टे असलेले आणि बियांनी विरळ असते. जळगाव जिल्ह्यातील आसोदा, भादली, बामणोद ही गावे त्यासाठी विख्यात आहेत. आसोदा हे बहिणाबाई चौधरी यांचेही माहेर, आणि ज्या मातीने ती कवयित्री दिली त्याच मातीने हे फळ द्यावे, याचा खान्देशी माणसाला रास्त अभिमान आहे. २०१६ साली जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले. दोंडाईच्याच्या बाजारात ही वांगी पूर्वेकडून येतात, आणि आता जवळपासच्या मळ्यांतूनही येऊ लागली आहेत.

मी ज्या शेतात गेलो तेथे पंगतीचा बेत तीन घरांनी मिळून केला होता. एका घरची वांगी, दुसऱ्याची बाजरी व कळणा, तिसऱ्याचे तेल-दाणे. दूध-ताक ज्याच्या गोठ्यात दुभते असेल त्याचे. सकाळी दहाच्या सुमारास पुरुषांनी गेल्या हंगामातील तुराट्या रचल्या. यंदाची तूर अद्याप शेतात हिरवी उभी असते. म्हणून जाणता शेतकरी मागील वर्षीच्या चार पेंढ्या मुद्दाम राखून ठेवतो. तुराटीचा जाळ लवकर भडकतो आणि आच तीव्र देतो, त्यामुळे वांग्याची साल करपते आणि आतला गर आपल्याच वाफेत शिजतो. कोळशाच्या मंद आचेवर तो सुकतो, आणि गॅसच्या शेगडीवर शिजलेल्या वांग्याला तर त्या धुराचा गंधही लागत नाही. वांग्यांना तेलाचा हात लावून, काडीने टोचून, ती देठासकट जाळात घातली गेली. त्याच जाळाच्या कडेला हिरव्या मिरच्या भाजल्या गेल्या, आणि त्यांच्या वाफेने डोळ्यांतून पाणी न आलेला माणूस त्या शेतात उरला नाही.

भाजलेली वांगी साल काढून बडगीत पडतात. बडगी म्हणजे लाकडाचे कोरलेले खोलगट पात्र, आणि तिच्याबरोबर लाकडाचाच ठोंबा. भरीत ठेचावे, घोटू नये, असा येथील दंडक आहे. गराचे तंतू तुटावेत परंतु त्याचा लगदा होऊ नये, यासाठी ठोंबा हलक्या हाताने आणि तालात पडला पाहिजे. मग भाजलेल्या मिरच्या व लसूण यांचा ठेचा त्यात मिसळतो. मोठ्या कढईत तेल तापवून त्यात जिरे, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप तळतात, कांद्याची पात चिरून टाकतात, आणि शेवटी गर घालून कोथिंबिरीचा सडा पडतो. हळद घालणे येथे अडाणीपणाचे लक्षण समजले जाते. भरिताबरोबर कळण्याची भाकरी किंवा पुरी: चार हिस्से ज्वारी आणि एक हिस्सा सालासकट काळा उडीद मीठ घालून दळला की कळणा होतो. त्याच्या भाकरीला उडदाचा चिकटपणा आणि एक मातकट गोडी असते. तिच्यावाचून नुसते भरीत खाणाऱ्या शहरी पाहुण्याची येथील मंडळींना मनापासून कीव येते.

चंपाषष्ठीच्या दिवशी मात्र कळण्याआधी रोडगा. नव्या बाजरीचे पीठ गरम पाण्यात मळून जाड थापावयाचे आणि निखाऱ्यांच्या आहारात सावकाश भाजावयाचे. वरचे कवच कडक आणि आत मऊ वाफाळता गाभा. ताम्हणात विड्याची पाने, सुपारी, खोबरे आणि भंडारा ठेवून घरातील पुरुषांनी तळी उचलली, ‘सदानंदाचा येळकोट’ असा गजर झाला, आणि नैवेद्याचे पहिले पान देवापुढे, दुसरे गाईला, तिसरे कुत्र्याला गेले, कारण श्वान हा खंडोबाचा सोबती. त्यानंतरही जेवणारे बसले नाहीत. एक घास शेताच्या बांधावर, एक विहिरीच्या काठावर ठेवला गेला. हे सारे घाई न करता, कोणी कोणाला न सांगता झाले.

पंगत मोठी असली की भरिताच्या जोडीला वरण-बट्टी येते. गव्हाचे रवाळ पीठ, त्यात ओवा, जिरे व तेलाचे मोहन. गोळे गोवऱ्यांच्या आहारात भाजून तुपात बुडवतात, किंवा उकडून, कापून तळतात, आणि कोणती रीत श्रेष्ठ यावर दोन घरांत पिढ्यान्‌पिढ्या मतभेद असू शकतो. माझे मत गोवरीच्या बाजूचे आहे. तुरीचे दाट वरण, घोटलेली वांग्याची भाजी, लिंबाची फोड, आणि तूप वाढणाऱ्याचा हात सढळ. गोड पदार्थ हवा असला तर पुरणपोळी, तीही खापरावरची. मातीचे खापर चुलीवर पालथे घालून, पुरण भरलेली पोळी हातांवर फिरवीत फिरवीत कोपरापर्यंत पसरवून त्यावर टाकणे ही विद्या आता मोजक्याच स्त्रियांपाशी उरली आहे. या पोळीचा मुख्य मान अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरसाबरोबर असतो. मार्गशीर्षात ती दूध-तुपाशी खातात. प्यावयास मातीच्या मडक्यातले ताक, वर भाजलेल्या जिऱ्याची पूड. आणि ऊन कलल्यावर गुळाचा चहा. बाटलीतली रंगीत पेये लहान मुलांच्या हट्टामुळे आली होती, परंतु त्या दिवशी मुलांनीही ताकाचे मडके रिते केले.

आता ज्या निकषाचा मी वर उल्लेख केला त्याकडे येणे भाग आहे. खळ्यावरील पहिल्या राशीतून सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, महार, मांग यांचा वाटा काढण्याची रीत या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या चालली. जुनी पिढी तिच्याविषयी हळव्या स्वरात बोलते. परंतु त्या देण्यात आभार किती आणि मिंधेपण किती होते हे ज्याचा हात खाली होता त्याला विचारले पाहिजे. वर्षभर राबून खळ्यावर उभे राहावयाचे आणि मिळेल ते पदरात घ्यावयाचे, यात मान नव्हता. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली, बलुत्याची चाल पुढे आपोआप मावळली, आणि तिच्याबद्दल हळहळण्याचे कारण मला दिसत नाही.

सालदाराची गोष्ट मात्र आजची आहे. खान्देशात सालदाराचे वर्ष अखाजीला सुरू होते आणि पुढल्या अखाजीला संपते. त्या दिवशी नवा करार तोंडी ठरतो. पोळ्याला बैलांबरोबर सालदारालाही नवे कपडे आणि पुरणाचे जेवण, हा जुना दस्तूर. बैल शिंगांना रंग लावून दारात आला की घरधनीण त्याचे पाय धुते, त्याला पुरणपोळी भरवते. कृतज्ञतेचे याहून सुंदर रूप मी पाहिलेले नाही. परंतु ज्या हातांनी त्या बैलाला वर्षभर हाकले ते हात पंगतीत कोठे बसतात, हे पाहिल्याखेरीज त्या सौंदर्याचा हिशेब पुरा होत नाही. मी ज्या शेतात जेवलो तेथे सालदार आणि कापूस वेचावयास आलेली भिल्ल कुटुंबे त्याच ओळीत, त्याच पत्रावळीवर, पहिल्या पंगतीला बसली. घरातील कर्त्या आप्पांना मी याविषयी छेडले, तेव्हा त्यांना प्रश्नाचाच अचंबा वाटला. मात्र शेजारच्या एका वृद्धाने नंतर सांगितले की त्यांच्या वडिलांच्या काळी असे नव्हते, मजुरांची पंगत मागून आणि दूर बसे. बदल झाला आहे. सर्वत्र झाला आहे असे मात्र कोणी समजू नये.

त्या भिल्ल मंडळींचा स्वतःचा शिरस्ता तर अधिक कडक आहे. सातपुड्याच्या पायथ्यापासून वर तोरणमाळपर्यंतच्या भिल्ल आणि पावरा वस्त्यांत नवे धान्य, नवी भाजी देवाला दाखविल्यावाचून तोंडात घालत नाहीत, आणि त्या प्रसंगी मोहाच्या फुलांच्या घरगुती दारूची धार प्रथम भूमीवर सोडतात. देवाला, पूर्वजांना आणि मातीला त्यांचा घोट मिळाल्यावर माणसांची पाळी. कोणी या पेयाकडे नाक मुरडून पाहील. परंतु मोहाचे झाड ज्या समाजाला दुष्काळात जगवीत आले, त्याने आपल्या हाताने वेचलेल्या फुलांचा पहिला अंश मातीला परत द्यावा, यात जो विवेक आहे तो आमच्या अनेक सुशिक्षित मेजवान्यांत आढळत नाही.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसणाऱ्या कानबाईचा उल्लेख केल्याखेरीज खान्देशातील घरच्या अन्नाची कथा अपुरी राहील, परंतु तो उत्सव निराळ्या जातीचा आहे. घरातील पुरुषांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ गहू मोजून त्याचे रोट होतात, आणि ते भाऊबंदांनीच खावयाचे असतात. पौर्णिमेच्या आत ते पीठ संपलेच पाहिजे. मुंबई-सुरतेस पांगलेले भाऊ, एरव्ही बांधाच्या तंट्यावरून कचेरीत भेटणारे चुलते, त्या दिवशी एका ताटाला येतात. रोटाची पंगत रक्ताचे नाते बांधते, भरिताची पंगत वाटेवरच्या माणसालाही हाक मारते. दोन्ही पाहिल्यावर माझे मन दुसरीकडे अधिक ओढ घेते, हे लपवीत नाही.

ताटातील जिनसांकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर आणखी एक नाते उघड होते. वांगे आपले, तूर आपली, उडीद आपला. परंतु ज्या मिरचीच्या पथाऱ्यांनी दोंडाईचा ओळखले जाते ती मिरची, भरितात तळलेले शेंगदाणे, गंगाफळ, आणि ज्याच्यापासून स्टार्च काढणारा कारखाना या गावाच्या उद्योगाचा कणा झाला तो मका, ही सारी मूळची अमेरिका खंडातील, पोर्तुगीज आदी दर्यावर्दींच्या जहाजांतून सोळाव्या शतकापासून इकडे आलेली. ज्या मूळ रहिवाशांनी प्लिमथच्या पंगतीला हरणे आणली, त्यांच्याच दूरच्या भाईबंदांनी सहस्रावधी वर्षे जोपासलेली पिके आज खान्देशाच्या बांधावर शिजतात. शेतातल्या वृद्ध मंडळींना अमेरिकेची आणखी एक आठवण आहे. १९७२ च्या दुष्काळात तिकडून आयात झालेली लाल मिलो ज्वारी रेशनच्या दुकानांतून मिळाली. तिची भाकरी धड थापता येत नसे, चव कोणाला रुचत नसे, दुष्काळी कामावर सुकडी मिळे, आणि त्या दोहोंवर मुले जगली. त्या मुलांपैकी एक, आता सत्तरीला टेकलेले, भरिताचा घास हातात धरून म्हणाले की मिलोला नावे ठेवणाऱ्याला मी जेवताना उठवतो. ऋणाची इतकी लांब याद ठेवणाऱ्या माणसापुढे मी नतमस्तक झालो.

एका गोष्टीने मात्र मन अस्वस्थ होते. अलीकडे खान्देशात भरीत-पार्टी हा व्यवसाय झाला आहे. शहरांतून आचारी तयार भरीत किलोवर देतात, पुऱ्या यंत्रावर लाटल्या जातात, शेत तासाच्या भाड्याने मिळते. त्यामुळे अनेकांच्या हाताला काम मिळाले, आणि ज्या घरात करणारे कोणी नाही त्या घरालाही भरीत खावयास मिळते, हे मला मान्य आहे. तथापि ऋण फेडण्याच्या पंगतीत श्रम हीच फेड असते. दाम मोजून आणलेल्या अन्नाने पोट भरते, परंतु आपण काय दिले या प्रश्नाला उत्तर उरत नाही. भाकऱ्या थापीत बसलेल्या एका मावशींनी हीच गोष्ट माझ्याहून नेमकी सांगितली: “इकत लयेल भरीतले हातनी चव नही ऱ्हास.”

हाताची चव, हे खरे; पण कोणाच्या हाताची? जाळ पुरुषांनी घातला, वांगी पुरुषांनी भाजली, बडगीत ठोंबाही त्यांनीच चालविला, आणि या कामाची मोठी वाखाणणी झाली. सकाळी सहापासून तव्यापुढे बसून दोनशेच्या घरात भाकऱ्या व पुऱ्या करणाऱ्या स्त्रियांची वाखाणणी कोणी केली नाही, कारण ते काम रोजचे. बिबड्यांच्या पहाटेची गोष्टही मी विचारली म्हणूनच निघाली. प्लिमथच्या त्या चार स्त्रियांची नावे जशी मेजवानीच्या कथेत कोणी घेत नाही, तसेच हे. पहिले देवाला आणि मागून आपल्याला, हा नेम उत्तम आहे. त्या दोहोंच्या मध्ये राबणारीला स्थान मिळाले पाहिजे, आणि ते नुसत्या स्तुतीने भागणार नाही, तिच्या वाट्याचे काम दुसऱ्याने उचलले पाहिजे.

जेवणानंतर पत्रावळी गोळा करताना हा विषय मी काढला, तेव्हा थोडी चर्चा झाली आणि ती अपेक्षेहून सरळ मार्गावर आली. आठ दिवसांनी मार्गशीर्ष पौर्णिमा, दत्तजयंती. तापीपलीकडे सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, घोड्यांचा मोठा बाजार लागतो, आणि दोंडाईच्याची माणसे तिकडे लोटतात. यात्रेहून परतताना दुसऱ्या शेतात पुन्हा पंगत करावयाची, असे तिन्ही घरांचे आधीच ठरलेले होते. कोणी काय आणावयाचे याची वाटणी तेथेच झाली: बाजरी आप्पांकडची, तूप पलीकडच्या वस्तीवरचे, वांगी बाजारातून घ्यावयाची कारण मळ्यातली संपत आली होती. भाकऱ्यांचा विषय निघाला तेव्हा मावशींनी सांगितले की त्या दिवशी आपण साऱ्याजणी यात्रेत पाळण्यात बसणार आहोत, पीठ मळून ठेवू, थापावयाचे ते पुरुषांनी थापावे. दोघा तरुणांनी होकार दिला. एकाला येते, तो पुण्याला शिकावयास असताना स्वतः करून खात असे. दुसऱ्याने त्याच संध्याकाळी परातीत हात घालून शिकावयास सुरुवात केली, आणि त्याची पहिली भाकरी तव्यावर टाकताना मधोमध फाटली तेव्हा मावशींनी ती काढू दिली नाही, भाजून घेतली आणि त्यालाच वाढली.